बिऱ्हाड हलत का नाही?

भाड्याच्या घराविषयी जन्मभर कुरकुर करीत त्याच घरात राहणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. मालक छपराची डागडुजी करीत नाही, पाण्यावरून वाद घालतो, जिन्याखालची जागा बळकावतो. तक्रारींची यादी दर वर्षी लांबत जाते आणि बिऱ्हाड मात्र हलत नाही. कारण विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते : ‘शेजार चांगला आहे.’

हे उत्तर अलीकडे आम्हांला वारंवार आठवते, ते हातातल्या मोबाइलच्या संदर्भात. व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम ही तिन्ही घरे एकाच मालकाची, मेटा या अमेरिकन कंपनीची आहेत. या मालकाविषयी आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात फारसा विश्वास नाही. २०१८ साली केंब्रिज ॲनालिटिका या संस्थेच्या हाती कोट्यवधी फेसबुक-सभासदांची माहिती गेल्याचे उघड झाले, तेव्हा जगभर संतापाची लाट उठली होती. संताप ओसरला, सभासद राहिले. दुसरी घरे बांधून तयार आहेत, त्यांना भाडे नाही, काहींचा कारभार तर धर्मादाय संस्थांकडे आहे. तरीही आपण तेथे राहावयास जात नाही आणि गेलोच तर बहुधा चार दिवसांत परत येतो.

याचे कारण विचारावे तर आळस, अज्ञान आणि फुकटची चटक असे तीन शब्द ऐकावयास मिळतात. संगणकाच्या क्षेत्रात वावरणारी तरुण मंडळी या बाबतीत विशेष कठोर असतात. आमच्या मते हा निवाडा अन्यायाचा आहे. आमच्या स्वतःच्या कुटुंबात हा खटला चालला, त्याची हकीकत सांगितल्याशिवाय असे का वाटते ते स्पष्ट होणार नाही. मात्र त्याआधी त्या वेळची पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे.

२०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने आपल्या नव्या अटी लोकांपुढे ठेवल्या. ८ फेब्रुवारीपर्यंत त्या मान्य कराव्यात, अन्यथा सेवा मिळणार नाही, असा त्या निवेदनाचा सूर होता. आता आपले खाजगी निरोप कंपनी वाचणार, असा समज तेव्हा झपाट्याने पसरला. तो चुकीचा होता. निरोपातील मजकूर पूर्वीसारखाच कुलूपबंद राहणार होता. परंतु व्यापारी कंपन्यांशी होणारे आपले व्यवहार आणि आपल्या खात्याविषयीची इतर माहिती त्याच मालकाच्या अन्य घरांपर्यंत जाण्याची वाट रुंद होत होती, आणि ‘नको’ म्हणावयाची सोय ठेवलेली नव्हती. ७ जानेवारीला इलॉन मस्क यांनी ‘सिग्नल वापरा’ असे दोनच शब्द लिहिले. १५ जानेवारीला सिग्नलवर इतकी गर्दी लोटली की त्याची यंत्रणा काही काळ कोलमडली. बहात्तर तासांत अडीच कोटी नवे सभासद आल्याचे टेलिग्रामने जाहीर केले. व्हॉट्सॲपला आपली मुदत १५ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, गावच्या गाव उठून चालले आहे!

सिग्नलविषयी एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. व्हॉट्सॲप २००९ साली दोघांनी मिळून उभारले. २०१४ साली त्यांनी ते फेसबुकला १९ अब्ज डॉलरांना विकले. त्या दोघांपैकी ब्रायन ॲक्टन हे २०१७ साली नव्या मालकाची नोकरी सोडून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी सिग्नलच्या न्यासाला पाच कोटी डॉलर दिले. जुन्या घराचा एक गवंडीच नव्या घराच्या पायाभरणीला उभा होता. नव्या घरात काही उणे होते, म्हणून लोक गेले नाहीत, असे म्हणावयास फारशी जागा नाही.

आता आमच्या घरची हकीकत. कुटुंबाच्या ग्रुपमध्ये त्या वेळी एक्केचाळीस जण होते. वसईचे, पालघरचे, बोरिवलीचे, पुण्याचे, दोघे कुवेतचे आणि चौघे कॅनडातल्या ब्रॅम्प्टनचे. बंगळूरला असणारा आमचा एक भाचा संगणक-अभियंता आहे. त्याने त्या जानेवारीत एका रात्री ग्रुपवर एक सविस्तर निरोप पाठविला. भाषा संयमाची होती, मुद्दे बरोबर होते. दुसऱ्या दिवशी त्याने आम्हांला स्वतंत्रपणे फोन केला. “मामा, तुम्ही आधी या. तुम्ही आलात की बाकीचे येतील,” तो म्हणाला. आम्ही गेलो. दोन आठवड्यांत तेवीस जण सिग्नलवर आले. पहिल्या दिवशी सर्वांनी एकमेकांचे असे स्वागत केले की जणू कोणी बोटीतून उतरले होते.

पुढे जे घडले ते भांडणाविना घडले, म्हणूनच ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. महत्त्वाचा निरोप असला, कोणाचे आजारपण, कोणाच्या सोयरिकीची तारीख, की तो जुन्या ग्रुपवर टाकावा लागे, कारण सर्वजण तेथेच होते. आणि महत्त्वाचे निरोप जुन्या ग्रुपवर येत असल्यामुळे नव्या ग्रुपवर डोकावण्याचे कारण उरत नसे. फेब्रुवारीच्या अखेरीस नव्या ग्रुपवर ‘सुप्रभात’ आणि फुलांची चित्रे तेवढी उरली होती. मार्चमध्ये फुलेही बंद झाली.

जे अठरा जण आलेच नाहीत, ते का आले नाहीत? आमच्या थोरल्या मावशी तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. मोबाइलवरची बारीक अक्षरे त्यांना दिसत नसत. त्यांच्या नातवाने त्यांना एका पावसाळ्यात चार पायऱ्या शिकविल्या होत्या : हिरव्या चिन्हावर बोट ठेवायचे, कुटुंबाचा फोटो शोधायचा, मायक्रोफोनचे चित्र दाबून धरायचे आणि बोलायचे. त्या बोलत सामवेदी बोलीत. ही बोली आमच्या पिढीनेही फारशी कागदावर उतरविलेली नाही. मावशींच्या तोंडी मात्र ती अस्सल होती. आज पावट्याच्या शेंगा कशा निघाल्या, विहिरीला पाणी किती आहे, कोणाची गाय व्याली, असे त्यांचे एक-दोन मिनिटांचे निरोप रोज पहाटे येत. कुवेतला परिचारिका असलेली आमची पुतणी रात्रपाळी संपवून ते ऐकत असे. मावशींना हिरव्या चिन्हाऐवजी निळे चिन्ह शिकविणे अशक्य नव्हते. पण त्यांनी विचारले ते एवढेच, की सगळी तिकडे गेली आहेत का. ‘सगळी नाही, थोडी’ हे उत्तर ऐकल्यावर त्यांनी तो विषय संपविला. आणि मावशी राहिल्या म्हणून त्यांची मुलगी राहिली, मुलगी राहिली म्हणून जावई आणि नातू राहिले, नातू राहिला म्हणून त्याच्या वयाची चुलत-मावस भावंडे राहिली. ह्या साखळीत आळशी माणूस आम्हांला एकही दिसला नाही. प्रत्येकजण दुसऱ्या कोणासाठी तरी थांबला होता.

भाचा मात्र बोलल्याप्रमाणे वागला. त्याने फेब्रुवारीत व्हॉट्सॲपवरचे आपले खाते पुसून टाकले. परिणाम असा झाला की त्याची आई, म्हणजे आमची बहीण, त्याची टपालवाली झाली. रोज रात्री ती त्याला फोन करी आणि दिवसभरात ग्रुपवर आलेले निरोप एकामागून एक वाचून दाखवी. विनोदसुद्धा वाचून दाखवी, आणि तो हसला नाही तर पुन्हा वाची. तत्त्व मुलाचे, पायपीट आईची! हे आम्ही थट्टेने लिहीत असलो, तरी त्यात एक गंभीर बाब आहे. एकट्याने बाहेर पडणाऱ्याचा खर्च नाहीसा होत नाही. घरातल्या कोणीतरी तो उचलावा लागतो, आणि तो उचलणारे माणूस बहुधा ठरलेले असते.

एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट आली. आमचे मेहुणे, म्हणजे भाच्याचे वडील, एका रात्री अत्यवस्थ झाले. बोटाला लावलेले यंत्र ब्याऐंशी दाखवीत होते. वसई-विरारमध्ये ऑक्सिजनची खाट मिळेना. रात्री साडेबाराला बहिणीने कुटुंबाच्या ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. पुढच्या दीड तासात त्या ग्रुपवर जे चालले होते ते शब्दांत मांडणे कठीण आहे. पुण्याचा एकजण रुग्णालयांना एकामागून एक फोन लावीत होता, बोरिवलीचा रुग्णवाहिका शोधीत होता, ब्रॅम्प्टनला दिवस असल्याने तेथील दोघी याद्या तपासून नंबर पाठवीत होत्या. अखेर कुवेतच्या पुतणीची एक वर्गमैत्रीण मीरा रोडच्या एका रुग्णालयात कामाला असल्याचे निघाले आणि दोन वाजता खाट मिळाली. त्या दीड तासात केव्हातरी ग्रुपवर एक ओळ उमटली : भाच्याला कोणीतरी पुन्हा आत घेतले होते. मेहुणे तेरा दिवसांनी घरी आले. भाचा त्यानंतर गेला नाही. पुढे एकदा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, “मामा, माझं मत बदललेलं नाही. त्या रात्री मला सगळे एका ठिकाणी हवे होते.”

याच प्रश्नाचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण मुंबईच्या हिरेबाजारात पाहावयास मिळते. हिऱ्यांचे व्यापारी दोन पिढ्या ओपेरा हाऊसच्या दाटीवाटीत बसत होते. वांद्रे-कुर्ला संकुलात त्यांच्यासाठी बांधलेला प्रशस्त भारत डायमंड बोर्स २०१० साली खुला झाला. तरीही पुष्कळ पेढ्या जुन्या जागेवरून हलेनात. कारण उघड आहे. हिऱ्याची पुडी खिशात घालून दलाल एका पेढीतून दुसरीत जातो. विकणारा तेथेच बसतो, जेथे घेणारा बसतो, आणि घेणारा तेथेच येतो, जेथे विकणारे अनेक असतात. १३ जुलै २०११ रोजी ओपेरा हाऊसच्या त्या गल्लीत बॉम्बस्फोट झाला, तेव्हा कोठे व्यापारी मोठ्या संख्येने नव्या जागी गेले. पुढे सुरतेला त्याहूनही अवाढव्य इमारत उभी राहिली. सुमारे साडेचार हजार कार्यालयांच्या त्या वास्तूचे १७ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. मुंबईचे बिऱ्हाड गुंडाळून तेथे गेलेली एक मोठी पेढी थोड्याच काळात मुंबईला परतली. हे सर्व पैशाचा हिशेब डोळ्यांत तेल घालून करणारे लोक. त्यांना कोणी आळशी वा अडाणी म्हणणार नाही. ‘गाव करी ते राव काय करी’ ही म्हण आपण गावाच्या सामर्थ्याविषयी वापरतो. तिची दुसरी बाजू अशी की, गाव हलत नसेल तर रावालाही हलता येत नाही.

मग माणसे कधीच हलत नाहीत काय? हलतात, आणि आपणच हललो आहोत. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आपण एकमेकांना एसएमएस पाठवीत होतो. नाताळ, दिवाळी आणि नववर्ष या नेमक्या दिवशी मोबाइल कंपन्यांची सवलत लागू नसे, प्रत्येक शुभेच्छेला पूर्ण पैसे पडत. २०११ च्या सप्टेंबरात तर जाहिरातींचा उपद्रव थांबविण्यासाठी दूरसंचार नियामकाने दिवसाला शंभर एसएमएसची मर्यादा घातली. ती पुढे दोनशे झाली. अशा वेळी व्हॉट्सॲप आले. त्याने आपल्याकडे नवे नाव मागितले नाही, नवी ओळख मागितली नाही. आपला मोबाइल नंबर हाच पत्ता, आणि आपल्या मोबाइलमधील नंबरांची यादी हीच शेजाऱ्यांची यादी. जो एकटा तेथे गेला, त्यालाही पहिल्याच दिवशी तेथे कोण कोण आहे ते दिसले, आणि बाकीच्यांना एसएमएस करण्याचा मार्ग त्याच्यापुढे खुलाच होता. नव्या घरी जाताना कोणाला मागे सोडावे लागले नाही.

ऑर्कुटचे उदाहरण नेहमी दिले जाते. २००४ साली निघालेले ऑर्कुट आपल्याकडील तरुणांचे आवडते ठिकाण होते. २०१० च्या सुमारास फेसबुकने त्याला भारतात मागे टाकले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. म्हणजे राज्ये उलथतात, हे खरे. पण ऑर्कुटवर कोण होते? महाविद्यालयातली मुले. तेथे मावशी नव्हत्या. शाळेची सूचना, दुधाचा हिशेब, डॉक्टरांची वेळ, दफनाची वेळ यांपैकी काहीही तेथून कळत नसे. ज्या घरावर कोणाचे काही अडलेले नसते, ते सोडणे सोपे जाते. याउलट गुगलसारख्या बलाढ्य कंपनीने २०११ साली काढलेले गुगल प्लस २०१९ साली गुंडाळावे लागले. आणि मेटाने २०२३ च्या जुलैत काढलेल्या थ्रेड्सवर पाच दिवसांत दहा कोटी लोक आले, कारण इन्स्टाग्रामवरचे खाते आणि ओळखीपाळखी घेऊनच तेथे शिरता येत होते. शेजार बरोबर नेण्याची गाडी ज्याच्याकडे असते, तो नवे घर भरवू शकतो. आणि ती गाडी, वाचकांच्या लक्षात आलेच असेल, जुन्या मालकाकडेच असते.

इतर प्रयत्नांविषयी थोडक्यात लिहितो. २०१९ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयातील वकील संजय हेगडे यांचे ट्विटर-खाते बंद झाले, तेव्हा आपल्याकडील अनेक लेखक-पत्रकार निषेध म्हणून मॅस्टोडॉनवर गेले. मॅस्टोडॉनला एक मालक नाही, अनेक स्वतंत्र सर्व्हर मिळून ते चालते. ही त्याची थोरवी आणि हीच नवख्याची अडचण, कारण उंबरठ्यावरच ‘कोणत्या सर्व्हरवर जाणार?’ असा प्रश्न येतो. बहुतेक मंडळी काही आठवड्यांत ट्विटरवर परतली. २०२० साली बंगळूरला कू निघाले. त्यावर भारतीय भाषांत लिहिण्याची सोय चांगली होती, केंद्रीय मंत्रीही तेथे आले. मंत्री आले तरी त्यांनी जुने घर सोडले नाही. तेच निवेदन दोन्हीकडे लावले जाई. मग लोकांनी तरी का सोडावे? जुलै २०२४ मध्ये कू बंद झाले. त्या पिवळ्या पक्ष्याविषयी आम्हांला खरोखर हळहळ वाटली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने २०२१ च्या त्याच अटींबद्दल मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला. वर्षभराने अपिलात दंड कायम राहिला. व्हॉट्सॲपची माहिती जाहिरातींसाठी इतर कंपन्यांना देण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी मात्र उठली. दंडाच्या रकमेपेक्षा आयोगाची कारणमीमांसा आम्हांला महत्त्वाची वाटते. जेथे सर्वांचा गोतावळा एकाच ठिकाणी आहे आणि दुसरा परिणामकारक पर्याय नाही, तेथे ‘अटी मान्य करा नाही तर जा’ असे म्हणणे ही निवड नव्हे, असा तिचा आशय आहे. मावशींना नेमके हेच म्हणावयाचे होते, असे आम्हांला वाटते. मालक ज्याचे भाडे घेतो ती त्याची वास्तू नसून आपली एकमेकांवरची माया आहे, आणि ती माया त्याने बांधलेली नाही.

म्हणून ‘तुम्ही का जात नाही?’ असा प्रश्न मावशींना विचारण्याऐवजी दुसराच प्रश्न विचारावयास हवा. टेलिफोनच्या बाबतीत आपल्याला असा प्रसंग कधी येत नाही. एका कंपनीच्या मोबाइलवरून दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलवर बोलता येते, हे आपण इतके गृहीत धरले आहे की त्यात काही विशेष आहे असे वाटतही नाही. २० जानेवारी २०११ पासून तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. ही कंपन्यांची कृपा नव्हती, नियमाने ते करावयास लावले गेले. निरोपांच्या बाबतीत असे का असू नये? युरोपीय संघाने २०२२ साली तसा कायदा केला. ७ मार्च २०२४ पासून त्याची बंधने बड्या कंपन्यांवर लागू झाली आणि मागणी करणाऱ्या दुसऱ्या सेवांसाठी व्हॉट्सॲपला आपला दरवाजा तेथे उघडावा लागतो. अडचणी आहेतच, आपल्या गुप्ततेच्या कसोट्या सैल पडतील म्हणून खुद्द सिग्नलने त्यात फारसा उत्साह दाखविलेला नाही. तरीही सिग्नलवर बसून व्हॉट्सॲपवरच्या मावशींचा आवाज ऐकता आला असता, तर भाच्याला आईकडून टपाल वाचून घ्यावे लागले नसते. त्यासाठी मावशींना एकही नवी पायरी शिकावी लागली नसती. आपल्याकडे तसा नियम नाही.

मावशी २०२३ साली गेल्या. त्यांचे दोनशेहून अधिक निरोप जुन्या ग्रुपमध्ये होते. भाच्याने दोन रात्री बसून ते एकेक करून बाहेर काढले, तारखांप्रमाणे लावले आणि पेन ड्राइव्हवर घालून घराघरांत दिले.

गेल्या वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरअखेर, चेन्नईच्या झोहो कंपनीच्या अरट्टै या ॲपची लाट आली. ‘अरट्टै’ म्हणजे तमिळमध्ये गप्पा. ते ॲप २०२१ पासून होते, परंतु मंत्र्यांनी स्वदेशीचा पुकारा केल्यावर तीन दिवसांत रोजची नोंदणी तीन हजारांवरून साडेतीन लाखांवर गेली, असे कंपनीचे संस्थापक श्रीधर वेंबू यांनी सांगितले. आमच्या ग्रुपवरही पालघरच्या एका भाचीने उत्साहाने निरोप टाकला की, सर्वांनी आता तिकडे यावे. बहिणीने विचारले, “तिथे कोण कोण आहे?” भाचीने पाच नावे लिहिली. थोड्या वेळाने बहिणीचे उत्तर आले : “बरं. त्या पाच जणांचं काय चाललंय ते इथे कळवत जा.”